सासूबाईंनी पाहिलेलं चित्र

मंडळी, आज दुपारी क्रांती चौकातून हॉलसाठी एक चित्र आणलं. मातीचं घर, बाजूला कडुनिंब, मागं डोंगर आणि संध्याकाळचं ऊन. मला ते बघून फार शांत वाटलं. सासूबाईंनाही आवडेल, असं वाटलं होतं. सासरे गेल्यापासून त्या कन्नडजवळचं गाव सोडून आमच्याकडं शहरात, हर्सूलला राहतात.

त्या बराच वेळ चित्रासमोर उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "या घरातलं कुणी गेलंय का गं?"

"असं का म्हणता, आई?"

"सांज झाली अन् चुलीचा धूर नाय. दारात ढोर नाय, माणूस नाय." मग माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, "आपलं घर बी आता असंच दिसत असंल, व्हय ना?"

गावच्या घराची मागची भिंत खचलीय आणि तिथं राहायला आता कुणीच नाही, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

आल्यापासून त्यांनी आपले कपडे पिशवीतच ठेवले होते. परत जायचंच हाय, म्हणायच्या. आज संध्याकाळी त्यांनी पिशवी रिकामी केली, साड्या पलंगावर ठेवल्या आणि म्हणाल्या, "कपाटात मला एक कप्पा दे."

हेच मी त्यांना कितीदा सुचवलं होतं. आज जागा करून दिली, पण रडू आवरेना.

तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसानं गावी जायचं बोलणंच सोडलं, तेव्हा तुम्ही काय म्हणालात?