फेट्यावरून दोन अंक

ते नाटक मी रागाच्या भरात लिहिलं. राग होता थोरल्या भावावर, दादावर, आणि सहा वर्षांत तो तसूभर उतरला नव्हता. दादाच्या मुलीचं लग्न आष्टीला, मुलाकडं झालं. माईकवरून नावं पुकारून फेटे बांधत होते. व्याह्यांच्या गावच्या पोस्टमनला फेटा, मांडववाल्याला फेटा, कुणाच्याच ओळखीचा नसलेला, नुसता जेवायला आलेला एक माणूस होता, त्यालासुद्धा फेटा. आणि मी, नवरीचा सख्खा चुलता, वरणाची बादली घेऊन पंगतीत बोडका फिरतोय. बरं, परळीत दादाचं दुकान कशाचं, तर कापडाचं. फेट्यांच्या ताग्यांना टेकून बसतो तो.

त्या दिवसापासून मी बोलणं टाकलं. मी टाकलं म्हणून त्यानंही टाकलं. आमची दुकानं शेजारी, मधे एकच भिंत. दादा खोकला तरी मला इकडं ऐकू यायचं. कसा आहेस, एवढं विचारायला माझी जीभ वळली नाही.

नाटकात दोन भाऊ, एक लग्न आणि एक राहिलेला फेटा. शेवटी थोरला आपणहून येतो, धाकट्याला पाटावर बसवतो, फेटा बांधतो आणि पडदा पडतो. बक्षिसाची मला हाव नव्हती. दादानं हे बघावं आणि असंच करावं, एवढ्यासाठी सगळा खटाटोप. गावातल्या मंडळाच्या स्पर्धेत नाटक घातलं, धाकट्याचं काम स्वतःच घेतलं आणि वहिनीच्या हाती पास धाडला. दादा आला, अगदी मागच्या रांगेत बसला.

प्रयोग संपल्यावर परीक्षकांनी सगळ्यांसमोर बोलायची पद्धत होती. परीक्षक बाहेरगावचे, जुन्या हॉलिवूडचे मोठे अभ्यासक. ते म्हणाले, "त्या काळ्यापांढऱ्या चित्रपटांत एक गोष्ट विनाकारण घडत नाही. नायकाचा रुमाल पडला, तर तासाभरानं तो कुणाला तरी सापडतोच. इथं काय आहे? फेटा. फेट्यासाठी सख्खा भाऊ सहा वर्षं बोलत नाही? कारण फार क्षुल्लक आहे. कथानक पटत नाही."

सभागृहात चुळबुळ सुरू झाली. पुढच्या रांगेतले एक भुसार व्यापारी उभे राहिले.

"सायेब, फेट्याहून मोठं कारण मग तुमीच सांगा."

"जमीन असेल, वारसा असेल..."

"जमिनीचं कोर्टात मिटतंय. फेट्याला कोर्ट न्हाई."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नाटकाला इतक्या पडल्या नव्हत्या. मग जो तो उठून साक्ष देऊ लागला. एकाच्या आत्यानं, पंगतीत दुसरा लाडू विचारला नाही म्हणून, ठरलेली सोयरीक मोडली होती. एकाचा मामा पत्रिकेत नाव खाली छापलं म्हणून भाच्याच्या लग्नादिवशी गावात असून आला नव्हता. परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला आणि हात टेकले.

"बरं, कारण मान्य. पण शेवटाचं काय? थोरला का येतो? त्याचं मन कशानं बदललं, ते नाटकात कुठंच नाही. आणि धाकटा एकदाही विचारत नाही की मला फेटा का दिला नाही. विचारलं असतं तर पहिल्याच अंकात सगळं संपलं असतं."

थोरला का येतो हे मला तरी कुठं ठाऊक होतं? तो यावा असं मला वाटत होतं, म्हणून मी त्याला आणला होता.

तेवढ्यात मागच्या रांगेतून दादाचा आवाज आला. "सायेबांचं बरोबर हाय. थोरला येत न्हाई. मीच हाय तो."

सगळ्या माना मागं वळल्या. परीक्षकांना तर मोठा आनंद झाला. "मग तुम्ही का नाही गेलात?"

"ह्यो कावून रुसला तेच मला ठावं नव्हतं. मी समजत व्हतो, दोन दुकानांमधल्या पायरीवरून असंल. आज नाटकात कळलं."

व्यापारी माझ्यावर खेकसले, "आता तरी विचार की बे."

मी विचारलं. तोंडाला रंग, समोर भरलेलं सभागृह. "दादा, मला फेटा कावून दिला न्हाई?"

"पाव्हणे वाढले, फेटे कमी पडले. दुकान परळीत, लगीन आष्टीत. मग घरच्यांचे ऱ्हाऊ दिले. माझा बी डोक्यावरचा उतरवून त्या जेवायला आलेल्या माणसाला बांधला. माझ्या डोक्यावर काय व्हतं, बघितलंस का तू?"

मी बघितलं नव्हतं. त्या मांडवातलं एकेक डोकं मला पाठ होतं, एक दादाचं सोडून. मला रडूच आलं.

दादा पुढं आला, स्टेजवर चढला. पाटावर नाटकातला फेटा पडला होता, तो त्यानं उचलला. आता बांधणार म्हणून मी मान खाली घातली. पण त्यानं सवयीनं कापड दोन बोटांत धरून चोळलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"हे माझ्या दुकानचं न्हाई."

"न्हाई."

"शेजारी माझं दुकान असताना दुसऱ्याकडून घेतलास." एवढं बोलून त्यानं फेटा पाटावर ठेवला आणि पाठ फिरवून स्टेज उतरला.

ती पाठ मी ओळखली. माझीच होती. मी रंगलेल्या तोंडानं तसाच त्याच्या मागं पळालो आणि दारात त्याचा हात धरला.

"दादा, विचार की मला, कावून घेतला म्हणून," मी म्हणालो. "एकदा विचार तर."