शिंप्याची बरणी

कुत्र्या-मांजरांच्या आतड्यांची शस्त्रक्रिया करण्यात डॉक्टरांचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि हे त्यांना स्वतःला जरा जास्तच ठाऊक होतं. जनावरांविषयी त्यांची तक्रार नव्हती. तक्रार होती ती जनावरांना घेऊन येणाऱ्या दोन पायांच्या मंडळींविषयी.

दवाखान्यात लोक बसत त्या बाकासमोर त्यांनी मुद्दाम एक फळी ठोकून घेतली होती. तिच्यावर काचेच्या बरण्या. कुणाच्या आतड्यातून काढलेला पायमोजा, कुणाचं मक्याचं बुरकुंड, कुणाचं दुधाच्या बाटलीचं बूच. येईल त्याला ते बरणी दाखवत. "हा मोजा कुत्र्याने नाही गिळला, मालकाने गिळवला. होता एक मास्तर. पोरांना अक्कल शिकवायचा!" ऐकणारा कसनुसं हसायचा. कुणी चाचरत "डॉक्टरसाहेब, मला वाटतं, हिने काल..." असं सुरू केलं, की डॉक्टर हात वर करत. "तुम्हाला काय वाटतं ते घरी ठेवा. जीभ उचलून पाहिलीत? नाही ना? मग गप्प बसा."

घरी संध्याकाळी बातम्या बघताना खुर्चीच्या हाताला टाक्यांचा रेशमी दोरा बांधून एका हाताने गाठी मारत बसायचं, ही त्यांची कॉलेजपासूनची सवय. गाठ मोठी सुरेख बसायची. उरलेले दोरे तिथेच लोंबत राहत. ते उचलण्याइतका हा थोर माणूस रिकामा नव्हता.

मांजर बायकोची. मुलगी लग्न होऊन लांब गेल्यापासून बायको दिवसभर बोलायची ती तिच्याशीच. त्या मांजरीने एकाएकी खाणं सोडलं. "लाडावून ठेवलीयस, दुसरं काय," डॉक्टर पेपरातून मान वर न काढता म्हणाले. मग ती ओकायला लागली. "केस गिळले असतील. पडेल सगळं." पुढे ती पलंगाखालून बाहेरच येईना, तेव्हा बायकोने तिला टॉवेलात गुंडाळून दवाखान्यात त्यांच्या टेबलावर आणून ठेवली.

डॉक्टरांनी जबडा उघडला, जीभ उचलली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. जिभेच्या मुळाशी काळ्या रेशमी दोऱ्याचा वेढा होता आणि दोरा सरळ घशात उतरला होता.

"परवा तिच्या ओठाशी दोरा दिसला होता मला," बायको म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते. 'अहो, मला वाटतं' इथपर्यंत. तुम्ही हात वर केलात."

पोट उघडलं तेव्हा नाडी ओढल्यावर नेफा गोळा व्हावा तसं आतडं दोऱ्यावर गोळा झालं होतं. ओढून काढावा तर आतडं चिरलं असतं. डॉक्टरांनी ठिकठिकाणी छेद देऊन तुकड्या-तुकड्याने दोरा सोडवला. हात मात्र अजिबात चळले नाहीत, एवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. एका तुकड्याला त्यांची ती सुरेख गाठ तशीच होती. त्यांनी तो घाईघाईने कचऱ्याच्या बादलीत टाकला.

मांजर वाचली. डोळे उघडून ती क्षीणसं ओरडली तेव्हा बायको रडली. मग डोळे पुसून तिने कपाटातली रिकामी बरणी घेतली, बादलीतून चिमट्याने दोरे उचलून तिच्यात टाकले आणि बरणी फळीवर मास्तरच्या मोज्याशेजारी ठेवली. डॉक्टर पाठ फिरवून हात धूत राहिले.

चार दिवसांनी जखम दाखवायला बायको मांजरीची टोपली मांडीवर घेऊन इतर लोकांबरोबर बाकावर बसली होती. शेजारच्या एका म्हाताऱ्याने, कुत्र्याला थोपटत, सहज विचारलं, "डॉक्टरसाहेब, हा दोरा कुणाचा हो?"

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. मग म्हाताऱ्याकडे.

"होता एक शिंपी," ते म्हणाले. "अजागळ माणूस. सगळे दोरे घरभर टाकायचा."

बाकावरचे लोक हसले. बायकोने टोपलीचं झाकण लावलं आणि ती उठून गेली.

पुढच्या चौकात नुकताच दवाखाना उघडलेल्या एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांना आतड्याचं ऑपरेशन येत नाही, असं डॉक्टर नेहमी हसून सांगत. मांजरीचे टाके बायकोने या बाईंकडून काढून घेतले. "कसं झालं हे?" बाईंनी विचारलं. बायको पहिल्यापासून सगळं सांगत बसली. बाई मांजरीच्या पाठीवर हात ठेवून ऐकत होत्या आणि मध्ये एकदाही बोलल्या नाहीत.