चालीवर चढवलेले दागिने

शारजाला रोल्ला भागातल्या एका खोलीत आम्ही चौघं वसईकर राहायचो. मी हॉटेलात नोकरी करायचो आणि शुक्रवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचो. हॉटेलात उतरलेल्या एका जर्मन पाहुण्याने मला ऑर्गनच्या जुन्या नोटेशनची झेरॉक्स दिली. तीनशे वर्षांपूर्वीचे ते वादक चर्चमधलं साधं गीत घ्यायचे आणि एकेका सुराभोवती मुरक्या, गिरक्या, कंपनं गुंफायचे. मी वेडाच झालो. सहा महिने तेच घोटत बसलो. मंडळी म्हणायची, “सिंपल वाजव ना यार.” गाढवाला गुळाची चव काय, असं मी मनात म्हणायचो.

मग आमच्यातला सर्वांत धाकटा खोलीतच हार्ट अ‍ॅटॅकने गेला. कागदपत्रांपायी मृतदेह पंधरा दिवस इथेच अडकला. वसईहून त्याच्या आईने एकच मागितलं: त्याच्यासाठीच्या मिस्सेत, चर्चमधल्या प्रार्थनेत, त्याचं गीत म्हणा आणि मला फोनवर ऐकवा. लहानपणी तिनेच त्याला शिकवलेलं, पाच-सहा सुरांचं गीत.

एवढ्याशा चालीवर त्याला निरोप द्यायचा, हे मला दरिद्री वाटलं. आणि खरं सांगायचं तर मला वाजवून दाखवायचंही होतं. गायनाआधी तीच चाल मी माझ्या पद्धतीने धरली. रूममेट स्पीकरजवळ मोबाइल धरून उभा होता. एकदा वाजवून थांबायचं ठरलं होतं. मी थांबलो नाही, उलट दुसऱ्यांदा आणखी मुरक्या घातल्या. डोळ्यांत पाणी होतं आणि बोटं खूश होती. गीत कुठून उचलायचं ते न कळून लोक एकमेकांकडे बघत होते.

रूममेट माझ्या कानाशी वाकला. “खलास. बॅलन्स संपला, लाइन कट झाली.”

त्यानंतर सगळ्यांनी गीत म्हटलं. साधं, सरळ. त्या दिवशी मला माझी घृणा वाटली.

संध्याकाळी मी त्याच्या आईला फोन लावला.

“छान वाजवलंस, बाबा,” ती म्हणाली. “पण त्याचं गीत राहिलं का रे?”

“नाही मावशी. तेच होतं ते.”

ती मग म्हणाली, “मीच शिकवलेलं ना त्याला. पंधरा दिवसांत विसरले?”

माझ्या बोटांचं पाप सांगायचं धैर्य मला झालं नाही. “लाइन खराब होती, मावशी.”

“नाही रे,” ती म्हणाली. “आवाज अगदी स्वच्छ येत होता.”