अंबडच्या गेटवर वाटलेले पेढे

लिहिण्याचा मला अधिकार नाही, याची जाणीव आहे. पन्नाशी उलटल्यावर प्रथमच लेखणी हाती घेतली. वाचकांनी हे औद्धत्य पोटात घालावे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाले. माझे वडील, अण्णा, पेठकडच्या आदिवासी पाड्यांवर मुलांना शिकवून नुकतेच निवृत्त झाले होते. मला नोकरी हवी होती. प्रयोगशाळांत अनुभव मागत, म्हणून खालच्या जागेसाठी अर्ज केला, तर अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचे साहेब तो परत करीत हसून म्हणाले, "मॅडम, बाटल्यांना लेबलं लावायला एम.एस्सी.? दोन महिन्यांत सोडून जाल, आणि तोवर आम्हालाच शिकवाल." आणखी पाच-सहा ठिकाणी हेच ऐकले.

अखेर तिथल्याच दुसऱ्या एका कारखान्यात अर्जावर शिक्षण केवळ बारावी लिहिले. पॅकिंगला घेतले. घरी मात्र लॅबमध्ये लागल्याचे सांगितले.

चौथ्या दिवशी दुपारी सुपरवायझरबाईंनी बोलावले. टेबलावर पेढ्यांचा पुडा उघडा होता. लेक नोकरीला लागली म्हणजे तिच्या साहेबांचे तोंड गोड करावे, म्हणून अण्णा सिटी बसने आले होते आणि गेटवर वॉचमनपासून सर्वांना पेढे देत माझी पदवी व श्रेणी सांगून, उरलेला पुडा ठेवून गेले होते.

"केमिस्टबाईंचे साहेब कोण, असं विचारत होते," बाई म्हणाल्या. "फार साधे आहेत हो. त्यांना काही कळू दिलं नाही." मग माझ्या अर्जावर बोट ठेवून हळूच, "एवढं शिकून लपवायचं कशाला, ताई? वर कळलंय. उद्यापासून येऊ नका."

त्यांनी एक पेढा माझ्यापुढे धरला. मी तो घेतला.

घरी अण्णांनी पहिला प्रश्न केला, "पुरले का गं सगळ्यांना?"

"पुरले, अण्णा."

पुढचे आठ दिवस डबा घेऊन बाहेर पडत राहिले. मग नोकरी मीच सोडली, असे सांगितले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "थोडी कळ काढायला हवी होतीस." पुढे शिकवण्या करून घर चालले, पण हे वाक्य ते अधूनमधून, शेवटच्या आजारातही, म्हणत राहिले.

खरे सांगितले असते, तर माझी नोकरी आपल्या पेढ्यांनी गेली, हे त्यांना कळले असते. सांगितले नाही, म्हणून लेकीने हातची नोकरी टाकली, असे मानून ते गेले.

माझ्या जागी आपण असता, तर त्यांना काय सांगितले असते?