नागनाथ शिवशरणांची सही

सोलापूरला समुद्र नाही, तरी नागनाथ शिवशरणांची तीस वर्षं समुद्रावर गेली. तटरक्षक दलात इंजिनाशी झटून ते निवृत्त झाले आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात यंत्रदुरुस्तीला लागले. तिथंच एक दिवस त्यांच्या जुन्या साहेबांचा फोन आला. एका चिमुकल्या बेटदेशाला परदेशी मदतीतून गस्तीनौका घ्यायच्या होत्या, आणि निवड समितीत इंजिनं कळणारा माणूस हवा होता.

नागनाथ तिथं तीन महिने राहिले. बाकीची समिती हॉटेलात नौकांची चित्रं बघायची, हे धक्क्यावर हिंडायचे. तिथल्या साऱ्या तटरक्षक दलात मेकॅनिक चार. नौका वर ओढून दुरुस्त करायची जागा एवढीशी, की वीस मीटरपुढचं काही चढणार नाही. आणि कोळ्यांच्या होड्या बुडायच्या त्या किनाऱ्यापासून दहा-बारा मैलांतच. त्यांनी सरळ लिहून दिलं : अठरा मीटरच्या दोन साध्या नौका घ्या. सुटे भाग इथंच मिळतील अशी इंजिनं बसवा. एक बिघडली तरी दुसरी निघेल.

तिथल्या मंत्र्यांना मात्र पन्नास मीटरची, तोफ बसवलेली एकच नौका हवी होती.

"होडक्यावर झेंडा शोभत नाही, शिवशरण," समितीचे अध्यक्ष म्हणाले. "आणि एकमत झालं नाही तर मदतच परत जाईल. मग या लोकांच्या हाती काहीच नाही."

आयुष्यभर साहेबापुढं मान डोलवत आलेल्या नागनाथांनी सही केली.

दोन वर्षांनी, कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत, त्या बेटावरच्या एका मेकॅनिकचा फोन आला. गिअरबॉक्स गेला होता. सात महिने नौका धक्क्याला बांधलेली, सुटा भाग परदेशातून आलाच नव्हता. वादळात सापडलेल्या होडीतून नऊ माणसं दिवसभर मदत मागत राहिली. "त्यात माझा मेहुणा होता," एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

घरी त्यांनी ताटाला हात लावला नाही.

"तुमी तर सांगितलं व्हतं की," चांगुणाबाई म्हणाल्या.

"सांगितलं व्हतं. पर सही बी केली."

"नसती केली तर काय फरक पडला असता?"

"ठाव न्हाय. पर का केली न्हाय, हे कुणीतरी इचारलं असतं."

तिथं चौकशी समिती बसल्याचं कळल्यावर त्यांनी तिला पत्र लिहायला घेतलं. मुलगी धम्मप्रिया इंग्रजीत टाइप करत होती. एका ओळीवर ती थांबली. "पप्पा, 'चूक दिसत असताना मी सही केली' हे कशाला? सगळं तुमच्यावरच येईल."

"ऱ्हाऊ दे तसंच."

अहवाल आला. दोष नौकेच्या कप्तानावर गेला, त्याची नोकरी गेली. पत्राचा उल्लेख कुठंच नव्हता. नागनाथांनी मेकॅनिकला मेसेज पाठवून त्या नऊ जणांची नावं विचारली. वाचल्याची निळी खूण उमटली. उत्तर आलं नाही.