पंचवीस जणांची एकच तब्येत

आदिलाबादच्या आमच्या जिनिंग मिलमध्ये वर्षातून एकदा मजुरांची तपासणी व्हायची. नापास झालेल्याचं काम बंद, म्हणून सगळे तपासणीला पोलिसापेक्षा जास्त घाबरत. यावर त्यांचा उपाय म्हणजे देवाजी. तलमडुगुचा हा हमाल कापसाचं भरलेलं पोतं एकट्यानं उचलायचा. सात वर्षांत त्याला कुणी साधं शिंकताना पाहिलं नव्हतं. म्हणून बाकीचे पंचवीस जण आपापल्या शिशीत लघवी देवाजीचीच भरून घेत. शिशीमागे एक चहा, डबल साखरेचा. मी हजेरी कारकून. शिश्यांवर नावाच्या चिठ्ठ्या मीच चिकटवायचो. लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगतो, मला गंमतच वाटायची.

सत्त्याऐंशी साली घोळ झाला. पंचवीस शिश्या भरता भरता देवाजी कोरडा पडला आणि त्याची स्वतःची शिशी तशीच राहिली. डॉक्टर दारात आलेले. शेवटी त्या पंचवीसांतल्याच, बारा महिने खोकणाऱ्या चंपतनं ती भरून दिली.

डॉक्टर तेलुगू, भला माणूस, पण तोंडाकडे न बघता कागदाकडे बघणारा. त्यांनी निळ्या औषधात थेंब टाकून नळी तापवली. विटेसारखी लाल झाली. दुसरीही लाल. पंचविसाव्या नळीला त्यांनी कपाळाचा घाम पुसला. अख्ख्या मिलला साखरेचा आजार! एकट्या देवाजीची नळी निळी राहिली.

"ये अकेला ठीक है," म्हणत डॉक्टरांनी त्याची पाठ थोपटली. ऐन हंगामात पंचवीस माणसं काढणं मॅनेजरला परवडेना, म्हणून सगळ्यांना गोळ्या मिळाल्या.

संध्याकाळी पंचवीसही जण पुड्या घेऊन देवाजीच्या दारात हजर. "घे बाबा, तुह्याच हायेत."

देवाजी भडकला. "बिमार तुमी! माह्या कागदावर काय लिवलं ते वाचा."

त्याच्या पायाच्या अंगठ्याची जखम महिनाभर चिघळत होती, घरातला माठ रोज रिकामा होत होता, आणि हा शहाणा कागद नाचवत होता! मला त्याचा संताप आला. त्याहून जास्त माझा स्वतःचा.

त्याची बायको पंचफुला त्याला ओढतच मिलच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी नाव वाचलं, कागद पाहिला आणि ठणठणीत माणूस म्हणून परत पाठवलं. खरं सांगावं तर पंचवीस घरांच्या चुली विझणार. ती त्याला घेऊन तशीच परतली.

आठवड्यात अंगठा काळा पडला. पंचफुला माझ्याकडे आली. "कारकूनभाऊ, साखरवाल्यातलं कोनाचंबी कार्ड द्या. मानूस जाते माहा."

मी माझ्याकडच्या तपासणीच्या कार्डांतलं चंपतचं कार्ड दिलं आणि सोबत गेलो.

"आदमी का नाम?" डॉक्टरांनी विचारलं.

लग्नाला वीस वर्षं झाली तरी या बाईनं रीतीप्रमाणे नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं.

"चंपत!" ती ठणकावून म्हणाली.

डॉक्टरांनी कार्ड पाहिलं, मग पाय पाहिला. अंगठा गेला, पाय वाचला. गोळ्या सुरू झाल्या.

दवाखान्याबाहेर येताच पंचफुला पदर तोंडाला लावून रडू लागली. देवाजी गोंधळला. "आता काऊन रडून राह्यली? वाचलो ना मी."

"जल्मात पयल्यांदा नवऱ्याचं नाव घेतलं," ती म्हणाली, "अन् तेबी त्या खोकलणाऱ्या मेल्याचं!"