शेजारचं विरजण
आज सकाळी दह्यावरचं झाकण काढलं आणि त्या गोडसर आंबट वासाने मला विश्रामबागच्या याच स्वयंपाकघरातल्या दोन वर्षांमागच्या एका संध्याकाळीत नेऊन बसवलं. दुसऱ्या दिवशी कॉलेजात मला मुलांना आठवण कशी टिकते ते शिकवायचं होतं. भाकरी थापणाऱ्या सासूबाईंना मी सांगत होते, की मेंदूच्या पेशीत दोन प्रथिनं एकमेकांना धरून राहतात म्हणून आठवण टिकते, पण ती स्वतः थोड्याच दिवसांत झिजतात. “मग आठवन कशी ऱ्हाती गं?” त्यांनी विचारलं, आणि नेमकं तेच मला सोपं करून सांगता येईना. तेवढ्यात नवऱ्याने भाकरीबरोबर दह्याची वाटी चाटूनपुसून संपवली. सासूबाईंनी आटपाडीहून आणलेलं विरजण गेलं म्हणून मी हळहळले. त्या मात्र हसत शेजारी गेल्या आणि चमचाभर दही घेऊन आल्या. “आपलंच हाय. मीच दिलं हुतं त्यास्नी. रोज दूध नवं, पर दही त्येच.” दुसऱ्या दिवशी वर्गात मी विरजणच सांगितलं: जुनं प्रथिन झिजायच्या आत नवं येऊन त्याच जोडीत बसतं. सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. आज सकाळी शेजारीण वाटी घेऊन आली, “आमचं संपलं, थोडं विरजण द्या.” मी चमचा भरून दिलं, म्हटलं, “तुमचंच आहे.”